भाजी-भाकरीची चाल

आधी मावशी. बाकी सगळं नंतर.

अंबाजोगाईच्या आमच्या चर्चची किल्ली जिच्या पदराच्या गाठीला असते, वेदीवरची पांढरी कापडं जी धुते, आणि मिस्सा, म्हणजे आमची उपासना, चालू असताना कुणाची चप्पल वाजली तर जी नुसती मागं वळून बघते, ती मावशी. "माझं नाव लिवू नको," असं तिनं मला बजावलंय. "लोक म्हणतील, बाई लई मोठी झाली." म्हणून नाव लिहीत नाही. पण त्या ईस्टरला माझ्या तोंडातून जो शब्द निघाला तो तिच्यामुळं निघाला, आणि जो भलताच शब्द निघाला असता तोही तिच्याचमुळं, एवढं सुरुवातीलाच सांगून ठेवते.

मी सावंतवाडीकडची. आठवीनंतर माझी शाळा सुटली. पुढची शाळा खाडीपलीकडं होती आणि आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं त्यावर घरात फार बोलणं झालंच नाही. आमच्या ओळखीच्या एका काकूंची इथं मेडिकल कॉलेजजवळ मेस आहे. त्यांना हाताखाली मुलगी हवी होती आणि आम्हाला आईच्या औषधाला पैसे, म्हणून मी एस.टी.त बसले. आम्ही भात खाणारी माणसं. पोळी लाटायला मी इथं शिकले. सुरुवातीला जेवायला येणारी मुलं ताटात बघून विचारायची, "ताई, ही पोळी हाय का पापड?" मी घाबरून दुसरी वाढायचे. मला सगळ्याचीच धास्ती. गॅस बंद केला का हे मी तीनतीनदा बघते. रस्त्यात कुणी हाक मारली तर आपलं काहीतरी चुकलंच असणार, असं मनात येतं.

चर्चमध्येही पहिल्या रविवारी मी शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसले. काही चुकलं तर पटकन निघता यावं म्हणून. आमच्याकडं मिस्सा कोकणीतून. इथं मराठीतून. सगळे गुडघ्यावर असताना मी फादरांच्या प्रार्थनेला उत्तर दिलं ते कोकणीत, तेही मोठ्यानं. समोरून मावशी वळली आणि तिनं बघितलं. संपलं, म्हटलं, आता इथं पुन्हा यायचं नाही. मिस्सा झाल्यावर ती सरळ माझ्याकडं आली.

"कुठली गं तू? तोंड सुकलंय की. काय पायजे?"

घाबरले की मला घरची बोली येते. "माका पाणी होया," मी म्हटलं.

"मका? अगं माय, ह्या दिवसात मका कुठनं आणू मी?"

माझा जीव जायची वेळ आली होती, पण मला हसूच फुटलं. मग तीही हसली. त्या दिवशी तिनं मला पाणी दिलं, जेवायला बसवलं, आणि तेव्हापासून माझं रविवारचं जेवण तिच्याच घरी. हाक मात्र कायमची 'मका' पडली.

आमच्या चर्चची एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळायची नाही. दिवाळी झाली की आमचं चर्च निम्मं रिकामं होतं. आसपासच्या वस्तीतले बरेच जण ऊस तोडायला जातात, बायका-पोरांसकट, पार कोल्हापूरच्या बाजूला. मावशीचा मुलगा आणि सूनही जातात. त्यामुळं नाताळला आमच्याकडं म्हातारी माणसं, सिस्टर आणि आम्ही चारदोन परगावचे. उन्हाळा लागता लागता कारखाने बंद होतात. त्याला इथं 'पट्टा पडला' म्हणतात. पट्टा पडला म्हणजे तोड संपली, माणसं घरी निघाली. आणि बहुतेक वर्षी त्याच सुमाराला ईस्टर येतो. म्हणून जगात कुठं काहीही असो, आमच्याकडं नाताळापेक्षा ईस्टर मोठा. त्या रात्री प्रभू उठतो, आणि बाकं भरतात.

आता तो शब्द. आलेलुया. देवाची स्तुती करा, असा त्याचा अर्थ. राखेच्या बुधवारी ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा प्रायश्चित्तकाळ सुरू झाला की हा शब्द चर्चमध्ये बंद होतो. गायचा नाही, म्हणायचाही नाही. ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या, जागरणाच्या मिस्सेत तो पहिल्यांदा पुन्हा निघतो, तीनदा, दरवेळी वरच्या सुरात. खरं तर तो फादरनी काढायचा. पण आमच्या फादरांचा आवाज त्यांनाच पसंत नाही. ते म्हणतात, "मी गायलो तर ज्यांना उठायचं नाही तेही उठतील." म्हणून इथं तो मान मावशीच्या सुनेचा. तिचा आवाज असा की अंगावर काटा येतो.

त्या वर्षी पट्टा पडेना. मुलाचा फोन यायचा, "आई, ऊस उभाच हाय अजून. कवा सुटका व्हईल सांगता येत न्हाई." ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार आला. आमच्या गावी त्या दिवशी माडाची हिरवीगार चुडतं प्रत्येकाच्या हातात असतात. इथं मी मावशीला विचारलं, "झावळ्या कुठं आहेत?" तर तिनं शिंदीच्या काटेरी पानांचा भारा दाखवला. "हितं कुठला आलाय नारळ? ही घे, पण डोळ्याला लावू नको." त्या पानांनी बोटं टोचून घेत मिरवणूक झाली आणि मग फादरनी विचारलं, "मावशी, सून वेळेत येत नसेल तर यंदा आलेलुया—"

"फादर!" मावशी ओरडली.

फादरनी जीभ चावली. "बरं, तो शब्द. तो यंदा कोण म्हणेल?"

"ही म्हणंल की," मावशीनं माझ्याकडं बोट केलं. "मका. भांडी घासताना लई गोड गाती."

मी नाही म्हणाले. मला येत नाही म्हणाले. आठवीच शिकलेय म्हणाले. मावशी म्हणाली, "त्या शब्दात अक्षरं किती हायत? चार. आठवीला चार येत न्हाईत का?" फादर हसले आणि ठरूनच गेलं.

सराव चर्चच्या मागं, लिंबाखाली. मावशी चिंच लावून पितळी मेणबत्तीदाण्या घासायची आणि सुनेची चाल तिच्या घोगऱ्या आवाजात मला सांगायची. पहिल्याच दिवशी मी तोंड उघडून "आ" म्हटलं, तर चिंचेचा हात माझ्या तोंडावर.

"आज न्हाई काढायचा तो शब्द. सणाच्या आत न्हाई."

"मग सराव कसा करू?"

"चाल म्हण नुसती."

"कशावर?"

मावशीनं इकडंतिकडं बघितलं. शेजारी तिचा डबा होता. "भाजी-भाकरी म्हण," ती म्हणाली. "तेबी चारच हाय. भा-जी-भाक-री. बसतंय बग."

बसलं. अगदी तंतोतंत बसलं. "पयल्यांदा जमिनीवर," मावशी सांगायची, "मग ओट्यावर चढायचं, मग माळवदावर." म्हणजे सूर; माळवद म्हणजे इथल्या घरांचं मातीचं सपाट छत. मी जमिनीवर भाजी-भाकरी म्हणायचे, ओट्यावर भाजी-भाकरी, आणि माळवदावर जाताना माझा श्वास संपायचा. "कावून भितीस? माळवदावरनं कुणी ढकलायलंय का तुला?"

सवयीनं मी मेसमध्येही तेच गुणगुणू लागले. पोळी लाटताना भा-जी-भाक-री. एक मुलगा म्हणाला, "ताई, कुठलं गाणं हाय हे? लई भारी." मी काय सांगणार? दोन दिवसांत हात धुवायच्या नळापाशी सगळेच ते म्हणू लागले. भावी डॉक्टर, आणि हात पुसत भाजी-भाकरी. काकू वैतागल्या. "पोळीचा वार आहे आणि ही पोरं भाकरी मागतायत!"

शुभ शुक्रवारी मेस दुपारी थोडी निवांत होती. मी मनातल्या मनात, अगदी गुपचूप, खरा शब्द म्हणून बघावा म्हटलं. मनात तर चालेल ना? आणि मनात काय आलं? भाजी-भाकरी. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. सणाच्या मिस्सेत, भरल्या चर्चमध्ये, फादर, सिस्टर, सगळी वस्ती, आणि मी वेदीजवळ उभी राहून भाजी-भाकरी म्हणणार! मग मी त्या चर्चमध्ये परत कुठल्या तोंडानं जाऊ? आणि ते चर्च नसेल तर ह्या गावात माझं दुसरं होतंच कोण?

क्रूसाच्या वाटेची प्रार्थना संपल्यावर मी मावशीला गाठलं. "मावशी, माझ्या तोंडून भाजी-भाकरीच निघालं तर?"

"तर लोकास्नी भूक लागंल. दुसरं काय?"

"हसू नका ना. एकदाच म्हणून बघू का? हळूच?"

"न्हाई." मग ती माझ्या शेजारी बसली. "हे बग, ते देवाचं ठेवणीतलं लुगडं हाय. रोज नेसलं तर सणाला काय नेसायचं? येळ आली की निघंल. मी हाय ना समोर."

शनिवारी सकाळी फोन आला: पट्टा पडला, मुकादमाचा ट्रक निघाला, पण पोचायला रविवारची दुपार होईल. म्हणजे सुटका नाही. मीच.

संध्याकाळी चर्चच्या अंगणात तुराट्यांचा जाळ केला. फादरनी त्यावरून पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती पेटवली, तिच्यावरून आमच्या लहान मेणबत्त्या पेटल्या आणि आम्ही अंधाऱ्या चर्चमध्ये शिरलो. बाकं अर्धीच भरली होती. वाचनं सुरू झाली. लहान पोरं कंटाळून एकेक करून बाहेर विझत्या जाळापाशी पळाली. मला एकही वाचन ऐकू आलं नाही. मी ओठ घट्ट मिटून बसले होते, न जाणो काही बाहेर पडेल.

मग सगळे उभे राहिले आणि फादरनी माझ्याकडं बघून मान हलवली.

मी पुढं गेले. समोर पहिल्या बाकावर मावशी. मी श्वास घेतला. चाल आठवत होती, सूर आठवत होता, आणि ओठ 'भ'साठी मिटलेले होते. मला ते कळत होतं. ओठ उघडले की 'भा' येणार, हेही कळत होतं. ते मला उघडता येईनात. फादर खोकले. कुणीतरी बाक सरकवलं.

आणि बाहेर रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. अंगणातली पोरं एका सुरात किंचाळली, "आले! आले! आले!"

मी दचकले. दचकून माझं तोंड उघडलं, आणि उघडलं ते 'आ' वर. "आले—" पोरांचं संपलं तिथून माझं सुरू झालं, "—लुया."

जमिनीवरचा. नीट. चर्चनं तो उचलला आणि मला परत म्हटला.

दुसऱ्या वेळी मी बघितलं, दारात मावशीची सून उभी होती. केसांत धूळ, कडेवर झोपलेलं पोर. मी तिच्याकडं बघून थांबले. मान तिचा होता. तिनं मोकळा हात वर केला, चढ म्हणून. मी ओट्यावर चढले. मागं ट्रकमधून उतरलेली माणसं आत येत होती, चपला दाराशी काढत होती, आणि आज मावशी एकदाही मागं वळली नाही. ती माझ्याकडंच बघत होती. डोळे पुसत होती, पण माझ्याकडंच.

तिसऱ्या वेळी माझा श्वास नेहमीसारखा मधेच संपला. तो जिथं संपला तिथं दारातून सुनेचा आवाज आला आणि मला हाताला धरून माळवदावर घेऊन गेला. मग भरलेल्या चर्चनं जो आलेलुया म्हटला, तो मी माझ्या गावीही ऐकलेला नाही.

ट्रक वाटेत कुठं थांबलाच नव्हता, म्हणून सगळे रात्रीच पोचले होते. मिस्सेनंतर मावशीनं आधी नातवाला छातीशी घेतलं, मग मुलाला, सुनेला, आणि मग माझा कान धरला.

"तुझे ओठ मिटले होते गं. भा म्हणायलीस ना?"

"नाही मावशी!"

"मी काय आंधळी हाय?"

सुनेला सगळी हकिकत सांगितली तेव्हा ती अंगणातच बसून हसली. "आता पुढच्या साली मला तेच आठवंल, आत्याबाई! माझं काय व्हईल?" मटण उद्याचं होतं. त्या वेळी घरात होतं ते आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्लं. काय होतं ते सांगायला नकोच.

ईस्टरचा काळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पुढचे पन्नास दिवस, चालतो. त्या सगळ्या रविवारी सून आणि मी मिळून तो शब्द म्हटला. मी आता दुसऱ्या बाकावर बसते. मेसमध्येही पोळ्या लाटताना मोकळेपणानं आलेलुया म्हणत होते, तर ती मुलं म्हणाली, "ताई, ते जुनंच बरं होतं."

मावशीनं मला काय दिलं ते मला नीट सांगता येणार नाही, आणि फेडायला माझ्याकडं आज काही नाही. पण आमच्या परसात माड आहेत. एका वर्षी झावळ्यांच्या रविवारच्या आधी मी घरी जाईन, बाबांना माडावर चढवीन आणि चुडतांचा भारा एस.टी.च्या टपावर बांधून इथवर आणीन. कंडक्टर काय म्हणायचं ते म्हणो. चर्चमधल्या प्रत्येकाच्या हातात येईल एवढा. आणि त्यातलं सगळ्यात लांब, सगळ्यात मऊ चुडत मावशीच्या हातात देऊन सांगेन, मावशी, हे खुशाल डोळ्याला लावा.