लहान फोनापुढची खूण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ठाऊक नाही.

जळगावात एका छोट्या कंपनीत मी वेबसाइट तपासतो. बनवणारे बनवतात, मी बघतो — मोठ्या फोनवर नीट दिसते का, लहान फोनवर काही कापलं जातं का. त्यासाठी माझ्या ड्रॉवरमध्ये पाच फोन होते. त्यातले दोन जुने, इवल्याशा स्क्रीनचे. ते मी चार्जसुद्धा करत नसे. कॉम्प्युटरवरच ब्राउझरची खिडकी माऊसनं चिंचोळी करायची, यादीत पाचही फोनांपुढे बरोबरची खूण करायची, खाली सही — झाली तपासणी. असले डबडे फोन वापरतं कोण? खेड्यातली माणसं. आणि त्यांना काय कळतं? चहा पिताना मी हे मोठ्यानं बोलतही असे. एवढा माज — कशाच्या जोरावर? ज्या कामाचा पगार घेत होतो, ते कामही मी करत नव्हतो.

त्या वर्षी नर्सिंगच्या एका संस्थेचा प्रवेश-अर्ज आमच्याकडे होता. मदतीसाठी दिलेला नंबर माझा. शेवटच्या दिवशी दुपारी अमळनेरकडच्या एका खेड्यातून सुनंदा नावाच्या बाईचा फोन आला.

"भाऊ, बठ्ठं भरी झायं, पन अर्ज धाडानं बटनच दिखत नही."

सगळं भरून झालं होतं, पण अर्ज पाठवायचं बटन तिला दिसत नव्हतं. मी म्हणालो, "ताई, आधी फोन वापरायला शिका." आणि ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं थेट ऑफिसात आली. मुदत संपली होती. तिच्याच फोनवर मी अर्ज उघडला — बटन नव्हतंच. फोटो जोडायच्या चौकटीखाली ते दबलं होतं आणि पान पुढं सरकत नव्हतं. चूक आमची होती. आमची कसली — माझी. तेव्हाच बोललो असतो तर? संस्थेला कळवलं असतं, तर तिचा अर्ज घेतलाही असता. पण मग यादी निघाली असती. सही निघाली असती.

"तुमचा फोनच खराब आहे," मी म्हणालो.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. वयाच्या अटीत बसायचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं — तेवढं तिनं सांगितलं. फोन पदराला पुसून पिशवीत ठेवला. "माले वाटनंच व्हतं, मनंच काही चुकनं," स्वतःलाच दोष देत म्हणाली आणि जिना उतरून गेली.

बनवणाऱ्याला सांगून मी दहा मिनिटांत बटन वर घ्यायला लावलं. त्यानं कारण विचारलं, तर म्हणालो, असं जास्त चांगलं दिसतं. आणखी किती जणींचे अर्ज अडले, ते मी शोधलं नाही. शोधायची हिंमत नव्हती, आणि त्या भित्रेपणाला मी 'झालं ते झालं' असं नाव दिलं.

दोन महिन्यांनी तिचा पुन्हा फोन आला. कापूस वेचायला जाते म्हणाली. मग म्हणाली, "भाऊ, मी गावन्या पोरीस्ले सांगी दिधं — लहान फोनवर फॉर्म भरू नका, लहान फोन खराब ऱ्हास."

मी म्हणालो, "बरं केलंत, ताई."