भिंतीवरचं सूत

कापूस वेचताना ओटी कधी भरते, कळत नाई. आमच्या पाळणाघरात किस्से तसेच जमतात. बाया वेचणीले जातात, त्यांची लेकरं आमच्यापाशी. मी पाळणे हलवते अन् पाहत राह्यते.

संस्था चालवते सुषमा. तिनं भिंतीवर खिळे ठोकले, दर महिन्याचे दोन, अन् त्यायच्यावरून दोन सुतं ओढले. पांढरं सूत म्हणजे आलेली देणगी, लाल सूत म्हणजे मोबाईलवर आमचे व्हिडिओ किती लोकांनी पाह्यले ते. जास्त आलं की खिळा वर, कमी आलं की खाली. म्हणाली, "आजी, दिवाळीपर्यंत पांढरं सूत वर नाई गेलं तं पाळणाघर बंद करा लागते."

तवापासून मले सपनातही सूतच दिसे.

*

माह्यासंगं लेकरं सांभाळणाऱ्या गोदाबाईचा जन्म कातण्यात गेला. ढिलं सूत तिले पाहवत नाई. एका सकाळी पाहते तं पांढरं सूत मधात झुकलेलं. तिनं मधातले खिळे उपटले अन् सूत ताणून सरळ केलं!

त्याच दिवशी वर्ध्याचे देणगीदार साहेब आले. भिंत पाहून खुश. एकही महिना घट नाही म्हणे! सुषमानं खरं काय ते सांगून टाकलं. साहेब चहा न घेता गेले.

गोदाबाई म्हणे, "काऊन गेले? आता तं सरळ होतं."

*

मंग सुषमानं स्वतःच्या भाषणाचा व्हिडिओ टाकला. लाल सूत जमिनीले टेकलं. कोणाकोणानं पाह्यला, म्या विचारलं.

"मी अन् माह्या आईनं."

"आईनं पूरा पाह्यला?"

सुषमानं मोबाईल पालथा ठेवला.

*

एका दुपारी गोदाबाईचं कातणं दाखवाले सुषमानं खिडकीत मोबाईल ठेवला, लाइव्ह सुरू केलं अन् कामात विसरली. गोदाबाई चरख्यावरच पेंगली. चेहरे कोणाचे दिसत नव्हते, नुसते पाळणे. ऊन हळूहळू सरकत होतं, कापसाचे तंतू हवेत तरंगत होते. मले बी डुलकी लागली. पायाच्या अंगठ्यातली पाळण्याची दोरी तेवढी हलत राह्यली.

सुषमा धावत आली, तं लोकं लिहून राह्यले होते, बंद करू नका!

मंग रोज दुपारी मोबाईल खिडकीत. लाल सूत चढलं, त्याच्यामागं हळूहळू पांढरंही. भिंत पुरेना, तं सुषमानं पांढऱ्या सुताचं टोक पाळण्याच्या दोरीलेच बांधलं.

*

दिवाळीच्या तोंडावर तेच साहेब पुन्हा आले. सूत पाळण्यासंगं वर-खाली झुलत होतं. त्यांनी बराच वेळ पाह्यलं.

"आजी, हे वाढतंय की कमी होतंय?"

"हळू बोला, साहेब. लेकरं झोपले."

साहेबांनी जोडे काढले, भिंतीले टेकून बसले. जराशानं त्यांचीही मान कलली.

खिडकीतला मोबाईल सुरूच होता.