थांबाकाकांची घाई

त्या गिटारीच्या पाठीवर मी अंगठा उमटवला तो निव्वळ कौतुकापोटी. "वा, काय चकाकतेय!" म्हणत मी ती उचलली आणि खाली ठेवायला गेलो, तर अंगठा सुटेना. सुटला तेव्हा चट्‌ असा बारीक आवाज झाला. शिसवी लाकडाच्या त्या काळसर आरशात माझ्या अंगठ्याची रेष न् रेष दिसू लागली. खरेदीखतावरही माझा अंगठा कधी इतका स्वच्छ उठला नसता.

काका रंध्याच्या पात्याला धार लावत होते. त्यांनी मान वर केली आणि मी शिव्या खायला सज्ज झालो. पण ते माझ्याकडे बघेनातच. उठून त्यांनी ठशाशेजारी आपलं बोट टेकवलं, नाकाशी नेऊन हुंगलं आणि म्हणाले, "तेल लावून नववा दिवस. अजून ओलंच आहे."

त्यांना सगळे थांबाकाका म्हणत. गिऱ्हाईक दारात दिसलं की त्यांच्या तोंडून "या"च्या आधी "थांबा" निघायचं. सरस सुकायचाय, थांबा. लाकूड मुरायचंय, थांबा. लग्नाच्या बाबतीतही भावोजी "थांबा" म्हणाले आणि ते राहूनच गेलं, असं त्यांच्या वहिनी सांगत. हे ऐकून सगळ्यात मोठ्यानं हसत ते वहिनींचे यजमान, काकांचे थोरले भाऊ. आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणायचो.

दादा शाळेत गाणं शिकवत. बावीस वर्षांपूर्वी वखारीतून शिसवीची एक फळी स्वतःच्या खांद्यावर घालून ते आले होते. म्हणाले, "यातून मला एक गिटार कर." काका म्हणाले, "थांब दादा, फळी वाळू दे." फळी माळ्यावर गेली. मग परक्यांची कामं पुढे येत गेली आणि घरचं काम, घरचंच म्हणून, मागे राहिलं. दादांनी उभा जन्म शाळेच्या तडकलेल्या गिटारीवर काढला. आले की माळ्याकडे बघत विचारायचे, "वाळली का रे माझी फळी?"

"थांब."

दोघंही हसायचे. माझ्यासमोरच हा प्रयोग निदान पन्नासदा झाला असेल.

मग दादांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं, "महिनाभर धरून चाला." त्याच दुपारी काकांनी फळी खाली काढली. तीन आठवड्यांत गिटार उभी राहिली. एरवी तीन आठवडे त्यांना लाकडाकडे नुसतं बघायलाच लागत.

राहिलं होतं फक्त तेल. आता, शिसवीच्या अंगातच तेल असतं. जेवून उठलेल्या माणसाला आग्रहानं वाढलेलं जसं ताटातच राहतं, तसं वरून लावलेलं तेल तिच्यावर नुसतं बसून राहतं; मुरत नाही की वाळत नाही. म्हणून आधी लाकूड स्पिरिटनं पुसायचं, मग लाखेचे दोन पातळ हात द्यायचे, ते वाळू द्यायचे आणि मगच तेल लावायचं, तेही निपटून पुसून. हे मला, ज्याला खिळा सरळ मारता येत नाही, काकांकडून ऐकून पाठ झालं होतं. काकांनी त्यातलं काहीही केलं नव्हतं. दोन दिवस वाचवायला त्यांनी सरळ तेल लावलं, आणि तीन हातांचं काम एकाच हातात व्हावं म्हणून चांगलं जाडसर लावलं.

"सगळं उतरवायचं," ते म्हणाले. आम्ही दोघं स्पिरिटच्या चिंध्या घेऊन बसलो. प्रत्येक चिंधी तपकिरी होऊन निघत होती.

अर्धी पाठ उघडी पडली असेल, तोच वहिनी दारात आल्या. "भावोजी, ते विचारताहेत, वाळली का माझी फळी?"

काकांनी नुसती मान हलवली.

"म्हणाले, चिकट असली तरी आणा. हाताला चिकटली तर बरंच, कुणी काढून तरी घेणार नाही."

मी हसलो आणि लगेच पुन्हा चिंधी उचलली. काका मांडीवरच्या गिटारीकडे बघत होते. अर्धी चकचकीत, अर्धी भुरकट. केस झडलेल्या कुत्र्यासारखी दिसत होती बिचारी.

"वहिनी," ते म्हणाले, "दादाला म्हणावं, चार दिवस थांब."

वहिनी चौकटीला धरून जराशा उभ्या राहिल्या. "सांगते," म्हणाल्या आणि गेल्या.

चौथ्या दिवशी सकाळी काकांनी पालथा हात गिटारीवरून फिरवला. कोरडी खडखडीत. तारा चढवायला घेतल्या. तिसरी ताणून होत होती तेव्हा फोन वाजला. काकांनी तो ऐकला, "बरं" म्हणाले, आणि उरलेल्या तीन तारा गुंडाळून खणात ठेवल्या.

त्या अजून खणातच आहेत. तीन तारांची गिटार खिडकीशेजारी टांगलेली असते. तिच्याकडे पाठ करून बसायची मला सवय झाली होती, पण परवा राहवलं नाही.

"काका," मी म्हणालो, "त्या दिवशी मी अंगठा लावला नसता ना, तर ती तशीच दादांच्या हातात पडली असती हो."

त्यांनी रंध्यातून भुसा फुंकला.

"तेल मी लावलं होतं."