फळ्यावरची माझी जागा

सत्तरच्या दशकात महाल नावाच्या आमच्या वस्तीत वाचनालयाबाहेर एक काळा फळा होता. ऑफिसला जायच्या आधी मी त्यावर चार ओळी लिहायचो. कधी तुंबलेल्या नालीवर, कधी सासऱ्याच्या घोरण्यावर. खाली जागा आणि खडू ठेवायचो. ज्याला वाटेल त्यानं मत लिहावं, संध्याकाळी मी प्रत्येकाला उत्तर देणार.

पहिलं मत आलं, "अक्षर खराब." मी आभार मानले. मग काय, लोकांना चटकच लागली! एकदा कुणीतरी समोरच्या शिंप्याचं मत पुसलं, तर तो रुसून दुकानच उघडेना. म्हणून मी नियम केला, वाचकाचं एक अक्षरही पुसायचं नाही. माझी अक्कल चरायला गेली होती, दुसरं काय!

मतं वाढत गेली, फळा तेवढाच. जागेसाठी रोज मी माझंच पुसायचो. लोक आता एकमेकांनाच उत्तरं देऊ लागले. भरताच्या वांग्याला भाजताना तेल लावावं की नाही, यावर शिंपी आणि एक रिटायर्ड मास्तर महिनोन्‌महिने भांडत होते. माझ्या वाट्याला तळहाताएवढा कोपरा उरला.

अशात माझी गोंदियाला बदली झाली. या माणसांचा मला फार लळा लागला होता. त्यांचा निरोप नीट, भरभरून लिहून घ्यायचा होता. मास्तरांना विचारलं, "मी उद्या चाललो. तुमचं भरीत जरासं पुसू का?"

"काहून? त्याचा निकाल लागाचा आहे अजून!"

शिंपी म्हणाला, "नियम तुहाच ना गा?"

जन्मात पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, तेही माझ्याविरुद्ध! मी मुकाट्यानं कोपऱ्यात लिहिलं, "उद्या जातो. लोभ असावा."

सकाळी स्टेशनला जाताना फळ्यापाशी रिक्षा थांबवली. खाली मास्तरांच्या अक्षरात मत होतं, "जा बापा, सुखानं राह्य. पण जातानी आपलं पुसून जाजो. जागा लागते."

असा संताप आला! फळा कोणी सुरू केला रे, म्हणून ओरडावंसं वाटलं. मग हातानंच माझ्या दोन्ही ओळी पुसल्या. रडूही आलं, सांगायला लाज कसली.

रिक्षा हलल्यावर मागे वळून पाहिलं. शिंपी त्या कोपऱ्यात लिहायला लागला होता, आणि मास्तर त्याच्या खांद्यावरून वाचत होते.