पाठीवरचा हात

ती घटना आठवायला मला निमित्त लागतंच असं नाही, पण कुणी मागून शर्टाला धरलं की ती हटकून डोळ्यांसमोर उभी राहते. निवृत्तीनंतर एकदा भर बाजारात रिक्षा अंगावर येत होती म्हणून बायकोनं मला असंच मागं ओढलं, तर मी तिच्यावरच खेकसलो. तिला कारण कळलं नाही. ते आज लिहून टाकतो. नावं कुणाचीच देणार नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्याजवळच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका दुपारी मालगुंडच्या बाजूनं फोन आला, की सड्यावरच्या जुन्या चिरेखाणीत माणूस पडलाय. सडा म्हणजे आमच्याकडचं कातळाचं पठार. जांभ्याचे चिरे काढून झाले की खाण तशीच उघडी टाकून लोक निघून जातात. कठडा नाही, कुंपण नाही, काठापर्यंत वाढलेलं गवत तेवढं असतं.

आम्ही पोचलो तेव्हा माणूस गेलेला होता. वय पस्तिशीचं. डोळ्यांवर पट्ट्यानं आवळलेला एक काळा डबा तसाच होता. हे ड्रोन उडवताना घालायचे गॉगल. आत पडदा असतो आणि ड्रोनच्या कॅमेऱ्याला जे दिसेल ते घालणाऱ्याला दिसतं. जणू तोच उडतोय. मात्र स्वतःच्या पायाखालचं त्याला काहीच दिसत नाही. म्हणून शेजारी एक डोळस माणूस उभा ठेवायचा असतो. या माणसाची बायकोच ते काम करायची. मुंबईची नोकरी सोडून दोघं गावी आले होते, हॉटेलवाल्यांना आणि बागायतदारांना ड्रोननं चित्रीकरण करून देत होते. तो उडवायचा, ती मागं उभी राहून त्याचा शर्ट मुठीत धरायची. लांबून समुद्राकडचं चित्र नीट मिळावं म्हणून उंच जागा हवी, आणि तिथली उंच जागा म्हणजे खाणीचा काठ.

ती काठावर बसली होती. रडत नव्हती. पंचनामा केला, प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं, अकस्मात मृत्यूची नोंद केली. प्रकरण तिथंच संपेल असं मला वाटलं.

पुढं ठाण्यात निनावी फोन आला. "तो पडलेला नाय सायेब, बायकोनं ढकललान त्येला. गवत कापणाऱ्या काकीला इचारा." ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीला नोंद घेतली. फोन मयताच्या थोरल्या भावाचा होता, हे ओळखायला मला फार डोकं चालवावं लागलं नाही. आदल्या दिवसापासून तो ठाण्याच्या व्हरांड्यात येऊन बसत होता आणि भावजयीचा विषय निघाला की दातओठ खात होता.

पण काकी खरीच निघाली. शेजारच्या वाडीतली कष्टाळू बाई. तिनं जे पाहिलं तेवढंच सांगितलं.

"मी सोताच्या डोल्यांनी बगितलंय. तिचा हात त्येच्या पाठीवर व्हता. मी वाकून भारा बांधला, वर बगितला तर तो नाय."

"ढकलताना पाहिलंस का, काकी?"

"ता नाय बगितला. उगाच कशी सांगू?"

असा साक्षीदार मिळणं भाग्याचं, आणि तपास अडचणीत आणायलाही असाच साक्षीदार पुरतो. मयताच्या बायकोला जबाबासाठी बोलावलं. महिला शिपाई शेजारी बसवली. खोटं बोलणारा माणूस साधारणपणे न विचारलेलं खूप सांगतो, हा माझा अनुभव. ही विचारलेलंही सांगत नव्हती.

"ताई, त्या दिवशी सकाळी तुमचं भांडण झालं होतं?"

"झालं होतं."

"कशावरून?"

"मला परत मुंबईला जायचं होतं. हे येत नव्हते."

"मग खाणीवर काय झालं?"

तिनं आपला तळहात टेबलावर उघडा ठेवला. मग म्हणाली, "मीच घालवलं साहेब त्यांना. माझ्या हातानं."

पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते हे खरं. पण असं वाक्य कानावर पडलं की तपास करणाऱ्याचं डोकं एका बाजूला झुकतं, आणि माझंही झुकलं. अंधार पडायच्या आत तिला घरी पाठवलं. दीर शिव्या घालायचा म्हणून ती घरातल्या पडवीत एकटीच निजायची, असं महिला शिपायानं मला सांगितलं. मला तिची कीव येत होती आणि रागही येत होता.

त्या गॉगलमध्ये पाहिलेलं सगळं साठवून ठेवणारं एक कार्ड असतं. ते पंचांसमोर काढून आमच्या सायबरच्या मुलांनी संगणकावर लावलं. समुद्र, सुरूची झाडं, मग सडा. हिरव्या गवतात दोन ठिपके. ठिपके मोठे होत गेले. तो उभा, ती मागं. प्रत्येक उड्डाणाच्या शेवटी तो ड्रोन स्वतःच्याच दिशेनं आणून डोक्यावरून न्यायचा आणि तिला घाबरवायचा, हे आम्हाला नंतर कळलं. त्या दिवशी वारा होता. ड्रोन एकदम खाली आला. ती डोक्यावर दोन्ही हात घेऊन मटकन खाली बसली. त्यानं एक पाऊल बाजूला टाकलं. मग नुसतं गवत आणि आभाळ.

ढकललं नव्हतं. तिनं फक्त हात सोडला होता. मी सुटकेचा निःश्वास टाकला, पण वरिष्ठ म्हणाले, "पुन्हा बघा. खाण त्याला पडद्यावर स्वच्छ दिसतेय. दिसत असताना तो तिकडंच पाऊल टाकतो. म्हणजे जाणूनबुजून. सकाळी भांडण झालेलं आहे. बाईवर आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा बसतो."

बोलणं बिनतोड होतं. पण सकाळी मुंबईला जायला नकार देणारा, दुपारी बायकोची खोडी काढणारा माणूस उडी मारेल, हे मला पटेना.

मी पंच घेतले आणि सड्यावर गेलो. काठापासून बरंच आत चुन्याची रेघ मारली आणि ही खाण असं समजायचं ठरवलं. तो जिकडं तोंड करून उभा होता तसाच उभा राहिलो. गॉगल डोळ्यांवर चढवले आणि तेच चित्रण आत चालू करायला लावलं. माझा हवालदार जुना, अंगानं दणकट आणि स्वभावानं शंकेखोर. रेघ आत मारलेली असूनही त्यानं मागून माझा पट्टा धरून ठेवला. मी त्याला म्हणालोसुद्धा, "अरे, मी काय लग्नातला नवरदेव आहे का पळून जायला?" तो म्हणाला, "असू दे साहेब."

आत तो सडा माझ्याकडं धावत आला. चित्रात माणूस उभा आणि डावीकडं खाण आ वासून. ड्रोन तोंडावर आला. मी दचकलो आणि खाणीपासून लांब, म्हणजे उजवीकडं, पाय टाकला.

पट्ट्याला हिसका बसला. गॉगल वर केले. माझा उजवा पाय चुन्याच्या रेघेपलीकडं होता.

समोरून पाहताना माणसाचा उजवा हात आपल्याला डावीकडं दिसतो, इतकी साधी गोष्ट. खाण चित्रात डावीकडं दिसत होती, पण होती त्याच्या उजव्या हाताला. तो उडी मारायला गेला नव्हता, वाचायला गेला होता. इतका सवयीचा माणूस, पण दचकल्यावर सवय कामाला येत नाही. मी पंचांना आणि सोबतच्या शिपायांनाही एकेकाला तिथं उभं केलं. बहुतेकांनी तेच केलं. वरिष्ठ स्वतः आले, गॉगल चढवले आणि त्यांचाही पाय रेघेपलीकडं गेला. अपघाती मृत्यू म्हणून अहवाल गेला.

तिला ठाण्यात बोलावून मी स्वतः सांगितलं. मला मनापासून बरं वाटत होतं. ही बाई आता मान वर करून घरी जाईल, अशी माझी समजूत होती.

"ताई, तुमच्यावर काही नाही. त्यांनी जीव दिला नाही, तुमच्यावर रागावूनही गेले नाहीत. नजरेची चूक झाली. मी स्वतः तिथं उभा राहून पाहिलं. माझंही पाऊल तिकडंच गेलं."

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं. "मग तुम्ही पडलात का, साहेब?"

रेघ आत मारली होती, तिथं खाण नव्हतीच, असं सांगता आलं असतं आणि ते खरंही होतं. पण तिला काय विचारायचं होतं ते मला कळलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "हवालदारानं पट्टा धरला होता."

तिनं मान डोलावली. ज्याची खात्री करून घ्यायची होती ती झाली, अशी. जबाबावर सही केली. ड्रोनचं सामान मुद्देमालातून नेण्याबद्दल विचारलं तर ते दिरांना द्या म्हणाली. व्हरांड्यात दीर उभा होता. त्याला आता तिची माफी मागायची होती. ती त्याच्यासमोर थांबली आणि म्हणाली, "तुमचं खरंच होतं, भावोजी."

इतकी वर्षं मी समजत होतो, की खरं शोधून काढलं की निरपराध माणूस सुटतो. कागदावर ती सुटली. ती खोलीतून निघाली तेव्हा दार उघडं होतं तरी हवालदार उठून तिच्यासाठी ते धरून उभा राहिला होता, आणि ती गेल्यावरही बराच वेळ तसाच उभा होता.