गोधडीतली बादली

वोल्फ्सबुर्गमध्ये मला करण्यासारखं काही नव्हतं. नवरा सकाळी मोटारींच्या कारखान्यात जायचा आणि मी, पुण्याच्या लॅबमध्ये यीस्ट वाढवणारी बाई, खिडकीतून रिकामा रस्ता बघत बसायचे. कामाचा परवाना नाही, गाडी चालवता येत नाही, जर्मनचा तर आनंदीआनंद! वेड लागायची पाळी आली होती. त्यात जुन्या लॅबमधून फोन आला, जागा रिकामी आहे, परत येतेस का? नवऱ्याचं उत्तर एकच, "तू ठरव." असा राग आला त्याचा!

शेवटी मी मनातल्या मनात पैज लावली. घरी बिअर करायची. जमली तर राहायचं, नाही जमली तर सरळ पुणं गाठायचं. नवऱ्याला फक्त बिअरचं सांगितलं. तो खूश.

किट निवडताना दुकानात इतक्या चकरा मारल्या, की मी दिसले की दुकानदार कपाळाला हात लावायचा. काचेजवळचं किट स्वस्त होतं, पण त्यातलं यीस्टचं पाकीट कधीपासून उन्हात तापत पडलेलं. मेलेलंच असणार ते! दुसऱ्यातल्या यीस्टला फ्रिजसारखा गारवा हवा, आणि आमचा फ्रिज मुक्कामाला आलेल्या सासूबाईंच्या लोणच्यांनी भरलेला. तिसऱ्यात मोड आलेल्या जवाच्या घट्ट पाकाचा डबा होता, कडवटपणा आधीच घातलेला. यीस्ट साध्या खोलीत चालणारं. जाड बादली, खाली तोटी, झाकणावर हवा जायला नळी. "गेनाऊ, अगदी बरोबर," दुकानदार म्हणाला, "पहिल्यांदा करणाऱ्याने हेच घ्यावं." घेतलं एकदाचं.

पाक पाण्यात कालवला, यीस्ट घातलं आणि बादली पॅसेजच्या गार कोपऱ्यात ठेवली. "आई, हिला हात लावू नका हं," असं सासूबाईंना बजावून मी भाषेच्या क्लासला गेले.

परत येऊन बघते तर बादली गायब. बैठकीत हीटरला चिकटवून ठेवलेली, वर गोधडी गुंडाळलेली, आणि नळीतून नुसते बुडबुडे.

"अगं, एवढ्या थंडीत आंबणार कसं ते?" सासूबाई म्हणाल्या. "इडलीचं पीठ मी इथे असंच ठेवते."

"अहो आई, हे इडलीचं पीठ नाहीये, उबेने बिघडेल सगळं!" मी किंचाळलेच. गोधडी ओढून फेकली, ती जड बादली उचलली आणि तळघराचा जिना उतरायला लागले. बादली गुडघ्यांवर आपटत होती, मी ढसाढसा रडत होते, आणि मागून सासूबाई गोधडी छातीशी धरून येत होत्या.

बादली खाली टेकल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "पुण्याचा तो फोन मीच उचलला होता. वाटलं, तू जाणार. पण जाणारी बाई बादलीसाठी एवढी रडत नाही गं."



बिअर झाली. पिकलेल्या केळ्याचा वास आणि घशाला झोंबणारी चव. नवरा बिचारा "छान आहे की" म्हणाला आणि ग्लास गुपचूप सिंकमध्ये ओतला. पैजेप्रमाणे मी बॅग भरायला हवी होती. मी दुकानात जाऊन तसाच पाकाचा आणखी एक डबा आणला आणि पुण्याला फोन करून सांगितलं, येत नाही.

मग बादली धुवायला घेतली. सासूबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"आता ही कुठे ठेवायची, तेवढं आधीच सांग बाई."