सकाळचं दूध

आमच्या घरी सकाळचं दूध डेअरीचं, हा नियम. मुरुडकडून येणारी गाडी उजाडताच हॉर्न वाजवायची आणि मामा, म्हणजे माझे सासरे, भरलेला कॅन घेऊन धावायचे. कालवडीला गाईखाली सोडायचं ते फक्त पान्हा येईपुरतं. चार घोट घेतले न घेतले की तिला ओढून बांधायचं. तिच्या वाट्याचं दूध संध्याकाळी, सगळं एकदम, बादलीभर.

"एकदाच पाजतो, पण पोटभर," असं मामा आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे. मला त्या कौतुकाची चीड यायची. सकाळी थोडं पाजू द्या म्हटलं, तर म्हणाले, "आता तू शिकिव मला ढोरं पाळायला."

दिवसभर ती पोर दावं चघळत बसायची.

थंडीत तिनं खाणं टाकलं. दात करकर चावायची, पोट आखडून उभी राहायची. शेण डांबरासारखं काळं. मी डॉक्टरांना बोलवा म्हणत होते, तोवर मामांनी विळा चुलीत घातलाही. पोट दुखणाऱ्या जनावराला डाग द्यायचा, ही आमच्याकडची रीत. दिरानं पाय धरले. केस जळाल्याचा वास गोठाभर झाला, पण कालवड ओरडली नाही. तेवढीही ताकद उरली नव्हती. माझं डोकं फिरलं. मामांच्या समोरच डॉक्टरांना फोन लावला. ते लातूरहून येईपर्यंत ती गेली.

डॉक्टरांनी गोठ्यामागं तिचं पोट उघडून दाखवलं. गुरांना चार पोटं, त्यातल्या चौथ्याला आरपार भोक. "अल्सर फुटला," ते म्हणाले. "एकच कारण सांगता येत नाही. पण एवढ्या लहान वासराला दिवसभर उपाशी ठेवून एकदम बादलीभर पाजू नका. दूध वाटून द्या. आणि काळं शेण म्हणजे आतलं रक्त, तेव्हाच बोलवायचं होतं."

ते गेल्यावर तिचं कातडं सोलून घेता घेता मामा म्हणाले, "डाग उशिरा बसला, दुसरं काय न्हाई." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाय पान्हा सोडेना. आत्या, माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "सोललेलं कातडं हाय की, त्यात कडबा भरा." मामांनी खरंच भरला आणि ते सोंग गाईपुढं उभं केलं. गाय ते चाटू लागली, चाटत राहिली. धार लागली. जिवंतपणी जिला या वेळी आईपासून ओढायचे, तिला आता कुणी हलवत नव्हतं.

मला बघवेना. मी ते कातडं उचललं, परसात खड्डा केला आणि पुरून टाकलं. परत आले तर गाय लाथा झाडत होती, कॅनचा तळही झाकला नव्हता, आणि बाहेर हॉर्न वाजत होता.

"आता गाडीला काय घालू?" मामा माझ्यावर ओरडले.

"उपाशी जाऊ द्या," मी म्हणाले.